वाक्प्रचारांतले पाणी

‘पाणी’ या शब्दाची व्युत्पत्ती सरळ आहे. संस्कृतात ‘पा’ म्हणजे पिणे. त्यावरून ‘पानीय’, म्हणजे पिण्याजोगे. प्राकृतात ‘पाणिअ’ आणि पुढे आपले ‘पाणी’. ‘पाणिग्रहणा’तला ‘पाणि’ वेगळा, तो हात. लग्नात नवरा मुलगा पाणी धरत नाही, हात धरतो, एवढे शाळेतही शिकवतात. पण शब्दाचे मूळ सापडले म्हणजे वाक्प्रचाराचे मूळ सापडले असे होत नाही. उसने दिलेल्या पैशांवर आपण पाणी सोडतो, वर्षभराच्या कष्टांवर पाणी पडते, एखाद्याचे पाणी आपण जोखतो, कुठेतरी पाणी मुरत असल्याचा वास आपल्याला येतो, आणि भाऊबंद एकमेकांना पाण्यात पाहतात. यातले पिण्याजोगे पाणी कोणते?

मी गोरेगावचा, हिंगोली जिल्ह्यातल्या, सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावचा. मुंबईबाहेर पत्र पाठवताना हा खुलासा करावाच लागतो. भाषाशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. गेली बरीच वर्षे कोश उघडायचा, त्यातला वाक्प्रचार वहीत उतरवायचा आणि ते काम अजून हाताने करणाऱ्या माणसाला जाऊन विचारायचे, एवढाच उद्योग करतो. मोल्सवर्थचा कोश पहिल्यांदा १८३१ साली निघाला, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ची. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ त्यानंतर पाऊणशे वर्षांनी आला आणि पाठोपाठ त्याच जोडीचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’. या कोशांचे ऋण मोठे आहे. ते अर्थ चोख देतात. पण अर्थ कुठल्या कामातून, कुणाच्या हातातून निघाला हे विचारायला कोशाबाहेर जावे लागते. तसे जाऊन माझे जे मत झाले ते असे : ‘पाणी’ हा शब्द एक असला तरी वाक्प्रचारांतली पाणी निरनिराळ्या घरची आहेत. दान देणाऱ्याचे वेगळे, कुणब्याचे वेगळे, लोहार-जवाहिऱ्याचे वेगळे. आणि एक पाणी असे आहे की त्याचे मूळ सांगताना आपण गप्प बसतो.

दानाच्या पाण्यापासून सुरुवात करू, कारण त्याचा पुरावा तांब्यावर कोरलेला आहे. अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळच्या चम्मक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. पाचव्या शतकातला. चर्मांक नावाचे गाव एक हजार ब्राह्मणांना दिल्याची त्यात नोंद आहे. हे दान ‘उदकपूर्व’ दिले, असे त्या काळचे ताम्रपट सांगतात. म्हणजे आधी हातावरून पाणी सोडले आणि मग गाव दिले. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांतही हेच कलम निराळ्या शब्दांत येते. पाणी पडेपर्यंत दान हा नुसता शब्द असतो. पाणी पडले की देणाऱ्याचा हक्क संपला. (चम्मकच्या ताम्रपटात राजाने पुढे अटीही घातल्या आहेत : राज्याशी द्रोह करायचा नाही, लढाई करायची नाही, दुसऱ्या गावांना उपद्रव द्यायचा नाही; तसे केले तर गाव परत घेणे ही चोरी ठरणार नाही. पाणी सोडतानाही राजा राजाच होता.)

‘पाणी सोडणे’ आणि ‘उदक सोडणे’ ही याच विधीची मराठी रूपे. त्या पाण्यात तुळशीचे पान असे, म्हणून ‘तुळशीपत्र ठेवणे’ हा त्यांचा सख्खा भाऊ. आणि याच घरातला आणखी एक वाक्प्रचार आहे, ज्याकडे पाहिले की सगळा विधी डोळ्यांसमोर उभा राहतो : ‘झारीतला शुक्राचार्य’. वामनाने तीन पावले भूमी मागितली, बळी द्यायला निघाला, तेव्हा शुक्राचार्य सूक्ष्म रूपाने झारीच्या तोटीत जाऊन बसले. राजाचा हात का धरला नाही, वामनाला का अडवले नाही? कारण तोटी अडली की पाणी अडते आणि पाणी अडले की दान अडते. दर्भाची काडी तोटीत गेली, गुरूंचा डोळा गेला आणि बळीचे राज्यही गेले. दिवाळीच्या पाडव्याला आपण त्याच बळीची आठवण काढतो. आज बँकेतली फाईल अडवणाऱ्याला आपण झारीतला शुक्राचार्य म्हणतो तेव्हा तोटी, पाणी आणि दान तिन्ही विसरलेलो असतो, पण वाक्प्रचार बिनचूक चालतो.

आता ‘पाणी पडणे’. शाळेच्या पुस्तकात ‘पाणी सोडणे’ आणि ‘पाणी पडणे’ शेजारी शेजारी येतात, दोन्हींत काहीतरी गमावलेले असते, दोन्ही ‘-वर’ घेतात, म्हणून मुलांना ते एकच वाटतात. पण ‘मी त्या पैशांवर पाणी सोडले’ म्हणताना सोडणारा मी असतो. ‘कष्टांवर पाणी पडले’ यात करणारा कोणीच नाही. पहिल्यात मन घट्ट केलेले आहे, दुसऱ्यात डोक्याला हात लावलेला आहे. हे पाणी कुठल्या तांब्यातून सांडले, असे पुण्याच्या एका स्नेह्यांनी मला विचारले होते. आमच्याकडचे बोलणे ऐकले असते तर त्यांनी विचारले नसते. आमच्या भागात आणि पलीकडे विदर्भात पाऊस पडत नाही, पाणी पडते. “रात्री पाणी आलं का?” “आलं, पण वावर भिजलं नाही.” नळाचा इथे काही संबंध नाही. ज्याने ऑक्टोबरात काढून ठेवलेल्या सोयाबीनच्या सुडीवर परतीचे पाणी पडताना पाहिले आहे, ताडपत्री घेऊन धावला आहे आणि चार दिवसांनी शेंगेतच कोंब फुटलेले दाणे हातावर घेतले आहेत, त्याला या वाक्प्रचाराचा अर्थ सांगावा लागत नाही. सोयाबीन अलीकडचे. त्याआधी उभ्या जोंधळ्याचे कणीस पाण्याने काळे पडत असे. पीक वाढताना पडले तर ते पाणी देव, पीक निघाल्यावर पडले तर वैरी. वाक्प्रचाराने दुसरे तेवढे उचलले.

शेताशेजारीच घर. ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ याचे मूळ मला माळवदात दिसते. मराठवाड्यातली जुनी घरे माळवदाची : लाकडी सर, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्यात माळवद गळू लागले की खालून दिसते ती गळती. पाणी शिरलेले असते दुसरीकडेच. ते मातीतून मुरत, सरावरून वाहत, हातभर लांब येऊन टपकते. माळवदावर चढून भलत्याच जागी माती टाकणाऱ्या माणसाचे सगळे घर हसते. हिशेबात तूट दिसते एका पानावर, खाल्लेले असते दुसऱ्याच पानावर. म्हणून आपण ‘गळतंय’ म्हणत नाही, ‘मुरतंय’ म्हणतो. आता मात्र पाणलोटाच्या सगळ्या फलकांवर ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ लिहिलेले असते आणि मुरणे ही चांगली गोष्ट झाली आहे.

‘तोंडचे पाणी पळणे’ आणि ‘तोंडाला पाणी सुटणे’ यांना फार खोदायला नको. भीतीने लाळ आटते, लोभाने सुटते, शरीराचेच वर्णन आहे. ‘पोटातले पाणी न हलणे’ हे बैलगाडीत बसलेल्यांना जास्त कळेल.

खरी गंमत लोहाराकडे आहे. विळ्याला किंवा सुरीला धार करण्याला आपण ‘पाजवणे’ म्हणतो. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो, पण त्यात ‘पाजणे’ लपले आहे हे बाजारात बसणाऱ्या एका लोहारानेच मला दाखवले. त्याच्या बोलण्यात खुरप्याला ‘पाणी पाजतात’. त्याची रीत अशी : पाते भट्टीत लाल करायचे, ठोकून आकार द्यायचा, पुन्हा तापवायचे आणि फक्त धारेकडचा भाग पाण्यात बुडवायचा. लगेच काढायचे. मागच्या भागात राहिलेली आग धारेकडे परत येते आणि घासलेल्या धारेवर रंग चढत जातात : आधी पिवळसर, मग तांबूस, मग जांभळा, निळा. हवा तो रंग आला की सगळे पाते पाण्यात. “पाणी कमी पाजलं तर धार वळते, जास्त झालं तर काचेवाणी तुटते,” तो म्हणाला. पोलादाचे शास्त्र याहून निराळे काही सांगत नाही. एकदम थंड केलेले पोलाद कठीण होते पण ठिसूळ राहते. पुन्हा बेताने तापवले की ठिसूळपणा जातो.

हा शब्द किती जुना आहे ते पाहायला सुश्रुतसंहिता उघडावी. सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात शस्त्रक्रियेच्या हत्यारांना द्यायच्या पाण्याला ‘पायना’ म्हटले आहे. पायना म्हणजे पाजणेच. ती तीन प्रकारची : क्षाराची, पाण्याची आणि तेलाची. बाण, शल्य आणि हाड कापायचे त्या हत्याराला क्षार पाजायचा; मांस कापायचे त्याला पाणी; शीर वेधायची आणि स्नायू कापायचा त्याला तेल. आमच्या लोहाराला हे वाचून दाखवले तर तो म्हणाला, “तेल आम्हीही वापरतो, पाणी लई कडक व्हायला नको असलं तर.” सुश्रुताचे नाव त्याने ऐकलेले नव्हते, आणि त्याची त्याला गरजही नव्हती.

म्हणजे हत्याराचे ‘पाणी’ हा हत्याराचा कस झाला. तिथून ते तलवारीचे पाणी, घोड्याचे पाणी, माणसाचे पाणी. ‘त्याचं पाणी काही वेगळंच’ म्हणताना आपण लोहाराच्या भाषेत बोलत असतो. ‘पाणी जोखणे’ मात्र सराफाच्या आणि जवाहिऱ्याच्या पेढीवरचे वाटते, कारण मोत्याला आणि हिऱ्यालाही पाणी असते. सतराव्या शतकात टॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या गोवळकोंड्याच्या खाणींकडे आला होता. युरोपात कच्चा हिरा दिवसाच्या उजेडात तपासतात, पण इथले लोक रात्री तपासतात, याचे त्याला नवल वाटले. भिंतीत एक कोनाडा, त्यात जाड वातीचा दिवा, आणि दोन बोटांत हिरा धरून त्या उजेडात त्याचे पाणी पाहायचे. इंग्रजीतही उत्तम हिऱ्याला ‘पहिल्या पाण्याचा’ म्हणत आणि तोच शब्दप्रयोग पुढे अव्वल बदमाशालाही लावू लागले. आपण ‘पाणीदार’ हा शब्द बदमाशाला लावत नाही. त्याच्यासाठी ‘बारा गावचं पाणी प्यालेला’ हा वेगळा वाक्प्रचार आहे. त्याच्याकडे वळणारच आहे.

फारसीत पाण्याला ‘आब’ म्हणतात, आणि तिथेही आब म्हणजे पाणी, तेज आणि शस्त्राचा कस, तिन्ही. आपला ‘आब राखणे’ तिथला. ‘आब’ आणि ‘रू’, म्हणजे चेहरा, मिळून ‘आबरू’ : चेहऱ्यावरचे पाणी. आपण ती ‘अब्रू’ करून घेतली. आता ‘पाणउतारा’ पाहा. पाणपोई, पाणवठा, पाणलोट यांत जसा ‘पाणी’चा ‘पाण’ होतो तसाच इथेही. पाणउतारा म्हणजे पाणी उतरवणे, चारचौघांत चेहऱ्यावरचे तेज काढून घेणे. ‘अब्रू घेणे’ आणि ‘पाणउतारा करणे’ ही एकच कल्पना दोन भाषांच्या कपड्यांत आहे. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा. कचेरीत फारसी-उर्दू आणि घरी मराठी. एकाच माणसाची कचेरीत आबरू जायची आणि ओट्यावर त्याचा पाणउतारा व्हायचा.

‘शत्रूला पाणी पाजणे’ याचा लोहाराशी संबंध जोडायचा मोह होतो, पण मी तो जोडत नाही. लोहाराचे पाजणे हत्याराला बळ देते, हे पाजणे माणसाला संपवते. ‘पाणीही मागू दिले नाही’ हा वाक्प्रचार शेजारी ठेवला की चित्र जुळते. जखमी होऊन पडलेला माणूस पाणी मागतो. पाणी पाजायची वेळ आणणारा जिंकलेला असतो, आणि मागायलाही सवड न देणारा त्याहून वरचढ.

कहाण्यांबद्दल दोन शब्द बोलायला हवेत, कारण वाक्प्रचाराचे मूळ म्हणजे एखादी चटकदार कहाणी, असा आपल्याकडे समज आहे. ‘पाण्यात पाहणे’ म्हणजे द्वेष करणे, हे मोगलांच्या घोड्यांवरून आले असे अनेकदा सांगितले जाते. घोडा पाणी पिताना बुजला की स्वार विचारीत, तुला पाण्यात संताजी-धनाजी दिसतात की काय? गोष्ट झकास आहे आणि मराठी माणसाने ती जपावी. पण तिच्यातून हा वाक्प्रचार निघत नाही. घोड्याला पाण्यात कुणी तरी ‘दिसतो’. वाक्प्रचारात माणूस मुद्दाम ‘पाहतो’. घोड्याला भीती वाटते, जावेला जावेचा राग असतो. भीतीपासून द्वेषापर्यंत यायला मधली एखादी पायरी लागते आणि ती गोष्टीत कुठेच नाही. याउलट ‘देव पाण्यात घालून बसणे’ याला कहाणी लागत नाही, ती चालू रीत आहे. मृग कोरडा गेला की गावोगाव महादेवाचा गाभारा पाण्याने भरून पिंड बुडवतात. ‘देव कोंडला’ म्हणतात. पाऊस येईपर्यंत देवानेही गुदमरावे, असा तो हट्ट. निवडणुकीच्या निकालाआधी उमेदवार देव पाण्यात घालून बसल्याचे आपण वाचतो, तो याच हट्टाचा शहरी अवतार.

आता ते गप्प बसायचे पाणी. ‘बारा गावचं पाणी प्यालेला’ म्हणजे मुरलेला, बनेल. यात कौतुक आणि सावधगिरी दोन्ही आहेत. पण बारा गावी पाणी पिणे ही एवढी मोठी गोष्ट का असावी? कारण परगावी कुणाच्या हातचे, कुठल्या विहिरीचे पाणी प्यावे याचे कडक नियम होते. ‘त्यांचं पाणी आपल्याला चालतं’, ‘चालत नाही’ ही वाक्ये माझ्या लहानपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडी सहज असत. पाणी चालणे म्हणजे काय, हे मुलांना विचारावे लागत नसे. आज विचारावे लागते, हे चांगलेच आहे. पण ‘बारा गावचं पाणी’ याचा अर्थ देताना ‘अनेक ठिकाणचा अनुभव घेतलेला’ एवढेच लिहून पुढे जाणे मला पटत नाही. ज्यांना स्वतःच्या एका गावचे पाणीही आपल्या हाताने घेता येत नव्हते त्यांच्यासाठी हा वाक्प्रचार बनलाच नव्हता.

त्यांच्या वाट्याला दुसरा आला : ‘दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे’. स्वतःची अक्कल न चालवता दुसऱ्याच्या तंत्राने वागणाऱ्याला हा टोमणा मारतात. यातली ओंजळ नीट पाहा. विहिरीला शिवायचे नाही, पोहरा टाकायचा नाही, कुणी कनवाळू येईपर्यंत काठापासून दूर उभे राहायचे आणि त्याने वरून धार धरली की ओंजळ पुढे करायची. पिणाऱ्याची ओंजळ त्याचीच असे, त्यातले पाणी मात्र दुसऱ्याच्या मर्जीचे. ज्या समाजाने माणसांना असे उभे केले त्याच समाजाच्या भाषेत परावलंबी माणसाची टिंगल पाण्याच्या ओंजळीवरून व्हावी, याला नुसते लाक्षणिक म्हणून सोडता येत नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला : सरकारी खर्चाचे पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे कागदावर खुले केले. कागदावरून तळ्याच्या काठापर्यंत जायला आणखी तीन वर्षे लागली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तळ्यात उतरले आणि स्वतःच्या ओंजळीने पाणी प्याले. त्यांच्यामागून हजारो लोक प्याले. न्यायालयातला निकाल मार्च १९३७ मध्ये लागला. बोले ठराव मुंबई इलाख्याचा, आमचा भाग हैदराबादच्या राज्यात; त्यामुळे आमच्या विहिरींवर त्या ठरावाचा हुकूम चालत नव्हता. मोल्सवर्थ ब्राह्मण पंडितांना हाताशी धरून शब्द गोळा करत होता, पुढचे कोश पुण्यात झाले. काठापासून दूर उभा राहिलेला माणूस पाण्याबद्दल काय बोलत होता, हे टिपायला त्याच्यापर्यंत कोण गेले असेल?

‘लक्ष्मी त्याच्या घरी पाणी भरते’ हा वाक्प्रचार याच संदर्भात वाचावा. वैभवाची कमाल सांगायची तर साक्षात लक्ष्मीला त्या घरची पाणक्याची बाई करायचे. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्याच्या रूपाने देवाने बारा वर्षे कावडीने पाणी भरले, अशी श्रद्धा आहे. नाथषष्ठीच्या दिवसांत तो रांजण आजही भरतात. देवाने केले म्हणून ती भक्ती झाली. देवाने करावे आणि नवल वाटावे, एवढे ते काम हलके मानलेले होते. आणि रोज ते करत कोण होते? घरातल्या बाया.

आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंना मी हा वाक्प्रचार वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “मग मी लक्ष्मीच म्हणायची. चाळीस वर्षं आडाचं पाणी शेंदलं.” मग उन्हाळ्यात आड आटल्यावर नदीत झिरा कसा उकरायचा, हे त्यांनी सांगितले. कोपरभर वाळू काढायची, पाणी निवळू द्यायचे आणि वाटीवाटीने घागर भरायची. एका घागरीला किती वाटी, हेही त्यांना पाठ होते. झिऱ्यावर नंबर लावलेल्या बाईला उठून जायची पाळी आली, तर शेजारणीला ती म्हणे, “माझा झिरा राख.” म्हणजे माझी पाळी जाऊ देऊ नको, माझ्या माघारी माझ्याकडे लक्ष ठेव. पुढे लेकीच्या लग्नात काही दिवस परगावी जाताना, दवाखान्यात जाताना, घर आणि लेकरे शेजारणीवर सोपवतानाही त्या बाया हेच म्हणत. ‘माझा झिरा राख’ हे मी वहीत उतरवून घेतले. त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवले, कारण पहिल्या वेळी मी ‘जरा’ लिहिले होते.